बाईंचे काळे डबे

डब्यांतलं पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते केलं नाही. फोनवर मात्र ओतलं म्हणून सांगितलं, तेही दोनदा. हे आधीच लिहून टाकतो, कारण बाईंबद्दल बोलायला लागलं की माणूस त्यांच्या तऱ्हा सांगत सुटतो, ऐकणारे हसतात आणि त्या हसण्यात माझी बाजू झाकली जाते. आजवर मी तेच करत आलो.

बाई आमच्या डोंबिवली पूर्वेच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मी तिथला सेक्रेटरी. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, नेहमी 'सेक्रेटरी'. निवृत्त होण्याआधी त्या कोलशेतच्या बाजूला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होत्या. ती कंपनी आता नाही. तिथे डेंग्यूच्या लशीवर काम चालायचं आणि त्यासाठी लागणारे डास जन्माला घालून जिवंत ठेवणं ही बाईंची जबाबदारी. मादीला रक्त मिळालं नाही तर ती अंडी घालत नाही. एरवी त्यासाठी ससे असत. सणासुदीला सशांकडे बघणारा माणूस रजेवर गेला की बाई स्वतःचा उजवा हात जाळीच्या पिंजऱ्यात घालून बसायच्या आणि डाव्या हाताने पेपर वाचायच्या. ते डास प्रयोगशाळेतच वाढलेले, त्यांच्यात रोग नसे. तरी हात तो हातच. कोपरापासून मनगटापर्यंत त्यांची कातडी जुन्या पायपुसण्यासारखी खरखरीत झाली होती आणि बाई ती कधी झाकायच्या नाहीत. "दिवाळीत बाकीचे घरी फराळ करायचे," त्या सांगायच्या, "आणि मी लॅबमध्ये फराळ व्हायचे."

लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं, आणि आमच्याकडे विचारतातच, तर उत्तर ठरलेलं होतं. चावते ती मादी. नर बिचारा फुलातला रस पितो, थोडे दिवस गुणगुणतो आणि मरतो. अशा प्राण्याशी जन्मभर काय बोलायचं?

डास दिसला की आपण टाळी वाजवतो. बाई पर्समधून काचेची नळी काढून त्याला अलगद आत घ्यायच्या, उजेडाकडे धरायच्या, पायांवर पांढऱ्या पट्ट्या आहेत का बघायच्या आणि मग मारायच्या. 'आधी ओळखा, मग मारा' हे त्यांचं वाक्य सोसायटीतल्या पोरांच्या तोंडी बसलं होतं. क्रिकेटमध्ये आउट की नॉट आउट यावरून जुंपली तरी पोरं तेच ओरडायची.

माझ्या घरी सत्यनारायण होता तेव्हाची गोष्ट. बाई आल्या, तीर्थ घेतलं आणि प्रसादाचा द्रोण हातात घेऊन सरळ गॅलरीत गेल्या. परत आल्या तेव्हा शिऱ्याच्या चमच्यात पाणी होतं, आमच्या मनी प्लांटच्या बाटलीतलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. तो चमचा त्यांनी गुरुजींच्या, माझ्या सासऱ्यांच्या, सगळ्यांच्या नजरेसमोरून फिरवला आणि बायकोला म्हणाल्या, "तुमच्याकडे अजून पाहुणे आहेत, त्यांना प्रसाद दिला नाहीत." बायको नंतर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मीही मनात म्हटलं, शिकलेली आहे, पण चार माणसांत वागायची रीत नाही. ती बाटली मात्र मी रिकामी केली नाही. नुसती दिसणार नाही अशी आत सरकवली.

पालिकेचा माणूस धुराचं मशीन घेऊन आला की आमचे चेअरमन स्वतः खाली उतरून त्याला वाट दाखवायचे. बाई दारात उभं राहून म्हणायच्या, चला, आरती सुरू झाली. आवाज आहे, धूर आहे, माणसं गोळा झालीत, आणि देव आपला पलंगाखाली आहे तिथेच. चेअरमनना हे लागायचं. पण त्यांचं खरं वैर होतं कारंज्यावरून. आमच्याकडे पाणी पुरत नाही, घरोघरी पिंपं भरून ठेवलेली, आणि चेअरमननी हौसेने गेटजवळ कारंजं बांधून घेतलेलं. ते चालायचं पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला. बाकी वर्षभर त्यात पाणी साचून राहायचं. एका सभेत बाई उठून म्हणाल्या की झेंडावंदन सोडलं तर हे कारंजं डासांच्या बाळंतपणासाठी बांधलं आहे. चेअरमन म्हणाले, "बाई, तुम्हाला मूलबाळ नाही ना, म्हणून सगळीकडे बाळंतपणं दिसतात."

लोक हसले. मीही हसलो. बाई खाली बसल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

डेंग्यूची लस निघायला इतकी वर्षं का लागतात, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ठाण्याला जाणाऱ्या बसची वाट बघत आम्ही दोघंच उभे होतो. त्या म्हणाल्या, डेंग्यू एकटा नाही, चार सख्खे भाऊ आहेत, चेहरेपट्टी सारखी. एक जण येऊन गेला की शरीर त्याला ओळखतं, परत आला तर उंबऱ्यावरच अडवतं. पण दुसरा भाऊ आला की फसतं. ओळखीचा समजून त्याला आत घेतं आणि तो घर लुटतो. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू पुष्कळदा जास्त वाईट असतो. लशीपुढची अडचणही हीच. तिने चारही भावांची पक्की ओळख करून द्यायला हवी. एकाची पक्की आणि बाकीच्यांची अर्धवट झाली, तर लस न घेतलेली बरी.

त्यांच्या प्रयोगशाळेत तीन भाऊ हाताशी आले होते, चौथा निसटत होता. तेवढ्यात कंपनी विकली गेली. हा ताप ज्यांना येतो त्यांच्याकडे लशीला पैसे नसतात, असं नव्या मालकांचं मत पडलं आणि काम बंद झालं. बाईंनी डासांचे पिंजरे एकेक करून स्वतःच्या हातांनी फ्रीझरमध्ये ठेवले. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. पण बस आली, मी चढलो आणि वळून पाहिलं तर त्या स्टॉपवरच उभ्या होत्या.

पुढे दुसऱ्याच कुणीतरी लस तयार केली. तिची चाचणी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात सुरू व्हायची होती. निरोगी माणसांनी टोचून घ्यायचं, काहींना खरी लस, काहींना बिनलशीची सुई, कोणाला काय मिळालं ते कोणालाच सांगायचं नाही आणि मग काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. बाईंचा त्या हॉस्पिटलशी संबंध नव्हता. लसही त्यांची नव्हती. तरी त्या पार शहाडपासून इकडे, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांकडे दारोदार फिरल्या. आम्ही काय उंदीर आहोत का, असं लोक विचारायचे. "उंदीर आमचे वापरून झाले," बाई म्हणायच्या, "आता माणसं हवीत." अशा बोलण्याने कोण तयार होणार? पण नवल म्हणजे काही जण झाले. आमच्या सोसायटीतलं पहिलं नाव पहिल्या मजल्यावरच्या सावंतांच्या मुलीचं. (सावंत हे नाव मी बदललं आहे.) ती कॉलेजात होती, तिला आधी एकदा डेंग्यू होऊन गेला होता, आणि बाईंचा खरखरीत हात हातात घेऊन ती बिनधास्त विचारायची, "मावशी, किती जणांना जेवायला घातलंत हो?" मीही नाव दिलं. गणपती झाल्यावर डॉक्टर आमच्या हॉलमध्ये येऊन सगळ्यांना समजावून सांगणार, असं ठरलं.

डॉक्टर येतील त्या दिवशी लोकांना दाखवायला म्हणून बाईंनी डबे मांडले होते. प्लास्टिकचे छोटे काळे डबे, त्यात पाणी आणि कडेला कापडाची पट्टी. एक जिन्याखाली, एक पंपाजवळ, एक कारंज्यामागे, असे. डासाला काळोखातलं साचलेलं पाणी आवडतं, मादी येऊन पट्टीवर अंडी घालते. कुठल्या कोपऱ्यात जास्त अंडी मिळतात ते पट्टीवरून कळतं. प्रत्येक डब्यावर बाईंचं नाव आणि 'हात लावू नये'. दर रविवारी पट्टी काढायची, पाणी कोरड्या जमिनीवर ओतायचं, डबा आतून घासायचा, कारण अंडी चिकटून राहतात. आठवडा उलटू द्यायचा नाही. "आठवडा उलटला की हा सापळा राहत नाही," त्यांनी मला बजावलं होतं, "पाळणा होतो."

मला बजावलं, कारण ऐन गणपतीच्या तोंडावर त्यांच्या थोरल्या भावाचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना पुण्याला जावं लागलं. जाताना त्यांनी डबे माझ्यावर सोपवले. मी म्हटलं, निर्धास्त जा.

पहिल्या रविवारी मी केलं. ब्रश घेऊन इमारतीच्या मागे उकिडवा बसलो आणि एकेक डबा घासला. मंडप उभारायला मंडळी जमली होती. चेअरमन तिकडून म्हणाले, "काय सेक्रेटरी, बाईंची बाळं न्हाऊ घालताय का? वेखंडाची धुरी द्यायची ना नंतर." मंडपातली पोरं खिदळली. त्यानंतर कोणी भेटलं की बाळांची चौकशी करायचं. एवढंच झालं. कोणी मला अडवलं नाही, आजारी पडलो नाही, गावाला गेलो नाही. पुढच्या रविवारी मंडपात माणसं बसलेली दिसली आणि मी ब्रश घेऊन खाली उतरलो नाही. दुपारी बाईंचा फोन आला. ओतलंत? म्हटलं, ओतलं. घासलेत? घासले. त्या पुढच्या रविवारीही हेच.

मधल्या काळात सावंतांच्या मुलीला ताप आला होता. बाई पुण्याला गेल्यावर दोनतीन दिवसांतच. आधी साधा वाटला, मग ती एकदम खालावली. हॉस्पिटलमध्ये नेलं, डेंग्यू निघाला आणि तिथून ती परत आली नाही. सोसायटीचा गणपती आम्ही वाजंत्रीशिवाय उचलला.

लोकांना कारण हवं होतं. ते जिन्याखाली मांडूनच ठेवलं होतं, वर नाव घालून. चेअरमननी पालिकेकडे तक्रार लिहिली. सोसायटीच्या कागदावर सेक्रेटरीची सही लागते. मी केली.

पालिकेची माणसं आली त्याच सकाळी बाई पुण्याहून परतल्या. रिक्षातून उतरल्या तेव्हा गेटपाशी गर्दी होती. एका माणसाने डबा उजेडात धरला होता. पाणी नुसतं वळवळत होतं. "बघा," चेअरमन म्हणाले, "इथे मुलगी गेली आणि ही बाई डास पाळतेय." बाईंनी बॅग खाली ठेवली, डबा हातात घेतला, आत अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंपाच्या भिंतीला टेकून उभा होतो. वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सावंत वहिनी उभ्या होत्या. पालिकेच्या माणसाने विचारलं, हे कोणाचे?

"माझे," बाई म्हणाल्या. "मीच ठेवलेत."

एक वाक्य बोलायला मला किती वेळ लागला असता? मी बोललो नाही. पालिकेच्या माणसाने नोटीस लिहिली, बाईंनी घेतली आणि त्या घरात गेल्या.

नंतरचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यांची कामवाली बंद झाली. आधी डास सोडायचे आणि मग लस टोचायची, धंदा आहे हा, असं चेअरमन म्हणाले आणि ते मोबाइलवरून आजूबाजूच्या सोसायट्यांत फिरलं. ज्यांनी चाचणीसाठी नावं दिली होती त्यांनी एकेक करून मागे घेतली. मीही घेतलं. डॉक्टरांना हॉल मिळणार नाही हे कळवायचं काम सेक्रेटरीचं होतं, ते मात्र मी वेळेवर केलं. वर्षाच्या आत बाईंनी घर विकलं आणि त्या कोलशेतला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. सामान टेम्पोत चढवताना मी वरून बघत होतो. खाली उतरलो नाही.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत पुन्हा डेंग्यू आला. बाई नव्हत्या, डबे नव्हते, तरी आला. माझ्या बायकोला झाला. ती वाचली. ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर विचारत होते, आधी कधी झाला होता का, आणि मला ते चार भाऊ आठवत होते. ती घरी आल्यावर मी कोलशेतला गेलो. माफी मागायला गेलो असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे तिला दुसऱ्यांदा झाला तर काय, हे विचारायला गेलो होतो.

बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, सेक्रेटरी. घरात कोण आजारी आहे?"

त्यांनी सगळं नीट विचारलं, जपायचं कसं ते सांगितलं. लशीचं विचारल्यावर म्हणाल्या, चाचणीची नावनोंदणी केव्हाच संपली. ठाण्यात माणसं मिळाली, आपल्या भागातलं मात्र कोणी नाही. मग मी बोललो. रविवारचं, मंडपातल्या हसण्याचं, फोनचं.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "डबा घासलेला आहे की नाही ते मला अंगठ्याला कळतं. पहिल्या रविवारनंतर तुम्ही तिकडे फिरकला नव्हतात."

मग माझं नाव का घेतलं नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, डबे माझे होते, आणि दुसऱ्याच्या भरवशावर टाकून मी गेले, ती चूक माझीच.

जे विचारायची भीती वाटत होती तेही विचारलं. ती मुलगी त्या डब्यांमुळे गेली का? बाईंनी शाळेत शिकवावं तसं सांगितलं. पाण्यातून डास निघायला आठवडा तरी लागतो. त्याने आधी कुणा आजारी माणसाला चावायला हवं. मग तो रोग त्याच्या अंगात पिकायला आणखी दिवस, चावल्यावर ताप यायला आणखी. "ती तर मी गेल्यावर लगेच तापली. तुमच्या डब्यांतले डास तेव्हा जन्मलेही नव्हते."

मी मागे टेकून बसलो. बाई बघत होत्या.

"चेहरा कसा सैल झाला बघा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हे तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं, सगळ्यांसमोर.

"आणि डब्यांतून नाही तर कुठून, असं विचारलं असतं तर? पिंपं सगळ्यांची होती, सगळ्यांची उघडी. मुलगी एकीचीच गेली. गॅलरीत उभ्या असलेल्या आईला मी खालून सांगू, जरा तुझ्या पिंपात बघ? मी गप्प बसले ती तिच्यासाठी. तुम्ही कोणासाठी बसलात?"

त्या बोलत राहिल्या, आवाज न चढवता. दोषी सापडली म्हटल्यावर लोकांनी आपापली पिंपं झाकणं सोडलं. तुमच्या बायकोचा ताप त्यातून आलेला असू शकतो. सिद्ध करता येणार नाही, पण असू शकतो. मी म्हटलं, बाई, मला माफ करा.

"मी काय करू त्या माफीचं? जिथे गप्प बसलात तिथे बोला. आणि पिंपाचा विषय काढायचा नाही." त्यांनी उठून दार उघडलं. चहा विचारला नाही.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी बोललो नाही. हेही लिहायला हवं. इतिवृत्त वाचलं, हिशेब मांडले आणि घरी आलो. यंदाच्या सभेत सगळे विषय संपल्यावर उठलो आणि सांगितलं. बाई पुण्याला असताना डबे साफ करायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही, त्यांना खोटं सांगितलं आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीवर सही केली. त्या डब्यांचा मुलीच्या आजाराशी संबंध असणं शक्य नव्हतं, हेही सांगितलं. मग चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या हो सेक्रेटरी. झालं गेलं. बाई तर इथे राहतही नाहीत आता." मागून कोणीतरी पार्किंगचं काय झालं, असं विचारलं आणि चर्चा तिकडे वळली.

सावंत वहिनी शेवटच्या रांगेत होत्या. मुलगी गेल्यापासून त्या सभेला येतात, बसतात आणि उठून जातात, बोलत नाहीत. त्या उभ्या राहिल्या तसं पार्किंगचं बोलणं थांबलं.

"म्हणजे बाईंचं काहीच नव्हतं?"

"नव्हतं, वहिनी."

"मी त्यांच्या दारावर थुंकलेले," त्या म्हणाल्या. "रोज. त्या रोज पुसायच्या." त्यांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही तेव्हा का नाही बोललात, भावजी?"

"घाबरलो होतो. आधी लोक हसतील म्हणून, नंतर तुम्ही काय म्हणाल म्हणून. चुकलो, वहिनी. मला माफ करा."